पक्ष्यांचे राखणदार थिओडोर रूझवेल्ट

मी इयत्ता चौथीत शिकते. थोरांची ओळख या सदरात मी यावेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची माहिती लिहीत आहे. आमच्या बाईंनी मला ती पुस्तकांतून समजावून सांगितली आणि अवघड नावे फळ्यावर लिहून दिली. बाकी सगळे मी माझ्या शब्दांत लिहिले आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबच्या अमेरिकेचा माणूस आपल्याला कशाला? तर बाजारात ते मऊ मऊ अस्वल मिळते ना, टेडी, त्याचे नाव याच माणसावरून पडले आहे. पण मला ते टेडीमुळे आवडले नाहीत. उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना त्यांनी जागा राखून दिली म्हणून आवडले.

जन्म व बालपण

थिओडोर रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांच्या वडिलांचे नावही थिओडोरच होते. आईचे नाव मार्था. घरची श्रीमंती होती. पण पैशाने दम्याचे काय होणार? छोट्या थिओडोरला लहानपणापासून दमा होता. रात्री श्वास कोंडायचा, झोप लागायची नाही. मग वडील त्यांना उचलून घेऊन फिरत. शाळेतही त्यांना नीट जाता आले नाही. ते घरीच शिकले.

घरात बसून बसून त्यांना पुस्तकांचा नाद लागला आणि प्राणी-पक्ष्यांचाही. ते सात-आठ वर्षांचे असताना एकदा बाजारात गेले. तिथे एक मेलेला सील मांडून ठेवला होता. सील म्हणजे समुद्रात राहणारा मोठा प्राणी. ते रोज तो बघायला जायचे. शेवटी त्याची कवटी त्यांना मिळाली. ती घरी ठेवून त्यांनी दोन चुलतभावांना घेऊन स्वतःचे संग्रहालय सुरू केले! त्यात कवट्या, घरटी, किडे असले काहीबाही असायचे. आपण काचा-गोट्या जमवतो तसेच, पण ते प्रत्येक वस्तूची नोंद लिहून ठेवत. नऊ वर्षांचे असताना त्यांनी किड्यांवर एक वही लिहिली. म्हणजे आपल्यापेक्षा एक वर्षाने लहान असताना.

वडिलांनी त्यांना एक दिवस समजावले, की तुझी बुद्धी चांगली आहे पण शरीर कमजोर आहे, ते तुझे तुलाच घडवावे लागेल. तेव्हापासून ते रोज व्यायाम करू लागले. पुढे ते मुष्टियुद्ध खेळले, घोड्यावर बसले, डोंगर चढले.

अजून एक गंमत. ते तेरा-चौदा वर्षांचे होईपर्यंत त्यांना लांबचे दिसत नाही हे कुणालाच माहीत नव्हते. त्यांनाही नाही! एकदा मित्रांनी लांबच्या फळीवरची मोठी मोठी अक्षरे वाचली. यांना अक्षरे तर सोडाच, तिथे काही लिहिले आहे हेसुद्धा कळेना. मग चष्मा मिळाला आणि जग एकदम स्वच्छ दिसू लागले. पण त्याआधी डोळ्यांनी साथ दिली नव्हती म्हणून की काय, त्यांचे कान फार तयार झाले होते. आवाजावरून ते पक्षी ओळखत.

१८७२ च्या हिवाळ्यात घरची सगळी मंडळी इजिप्तला गेली. नाईल नदीतून नावेने फिरताना या चौदा वर्षांच्या मुलाने पुष्कळ पक्षी मारले आणि पेंढा भरून ठेवले. हे वाचून मला राग आला. मी बाईंना विचारले, पक्ष्यांचा मित्र आणि पक्षी मारतो? बाई म्हणाल्या की त्या काळी दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नव्हते, पक्षी अभ्यासायचा तर तो हातात घ्यावा लागे. पण तू हा प्रश्न सोडू नकोस, शेवटपर्यंत लक्षात ठेव. म्हणून मी तो लक्षात ठेवला आहे. तुम्हीही ठेवा.

तरुणपण

पुढे ते हार्वर्ड नावाच्या विद्यापीठात शिकले. १८७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी एका मित्राबरोबर आपल्या भागातल्या उन्हाळी पक्ष्यांची छोटी पुस्तिका छापली. १८८० साली ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले.

मग त्यांच्यावर फार मोठे दुःख कोसळले. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची आई आणि त्यांची बायको दोघी वारल्या. मुलगी जन्मून दोनच दिवस झाले होते. हे वाचताना आमच्या वर्गात सगळे गप्प बसले होते. मुलीला बहिणीकडे ठेवून ते पश्चिमेला डाकोटा नावाच्या रानात गेले आणि गुरे पाळू लागले. तिथे पूर्वी रानगव्यांसारख्या बायसन नावाच्या जनावरांचे लाखोंचे कळप होते. ते जाऊन बघतात तर काय, कळप संपलेले. शिकाऱ्यांनी मारून टाकलेले. जे कधी संपणारच नाही असे सगळ्यांना वाटत होते ते संपत आले होते. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली.

नंतर ते राजकारणात आले. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ते वारले. रूझवेल्ट तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते. म्हणून १४ सप्टेंबर १९०१ रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले. वय फक्त ४२ वर्षे. इतक्या कमी वयाचा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत अजूनपर्यंत दुसरा झालेला नाही.

टेडी अस्वलाची गोष्ट

नोव्हेंबर १९०२ मध्ये ते मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले. त्यांना अस्वल मिळेना. मग बरोबरच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले आणि यांना गोळी घालायला सांगितले. बांधलेल्या जनावराला मारणे यांना पटले नाही. त्यांनी नकार दिला. ते अस्वल फार जखमी झाले होते, म्हणून त्याला वेदनेतून सोडवा एवढेच त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रात त्याचे व्यंगचित्र आले. ते बघून न्यूयॉर्कमधल्या एका दुकानदाराने कापडाचे अस्वल शिवले आणि रूझवेल्ट यांच्या लाडक्या नावावरून त्याला टेडी म्हटले. ही झाली टेडीची गोष्ट. आता पक्ष्यांकडे वळू या.

वाळूवर अंडी घालणारे पक्षी

आपण चिमणीचे घरटे बघतो, सुगरणीचे खोपे बघतो. पण काही पक्षी घरटेच बांधत नाहीत. समुद्रकाठी किंवा नदीकाठी उघड्या वाळूत पोटाने नुसता एक खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. सुरय पक्षी, चिखल्या, पाणचिरा हे सगळे असेच. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते. उडता उडता तो ती पाण्यात बुडवून पाणी चिरत जातो, म्हणून ते नाव.

आपल्या शिवारातली टिटवी याच भाऊबंदांतली. टिटवीची अंडी तुम्ही बघितली असतील. चार अंडी, खड्यांसारखी, ठिपक्यांची. पाय पडेपर्यंत कळत नाहीत. तेच त्यांचे रक्षण. कोल्ह्याला दिसू नयेत म्हणून ती तशी असतात. पण कोल्ह्याला दिसत नाहीत तशी माणसालाही दिसत नाहीत, आणि माणूस, गाडी, गुरे त्यावरून जातात.

दुसरे संकट उन्हाचे. वाळू तापते. आई किंवा बाप अंड्यांवर नुसते ऊब द्यायला बसत नाहीत, सावली द्यायलाही बसतात. टिटवी तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. आपण जवळ जाऊन उभे राहिलो की ती उडते, ओरडते, डोक्यावर घिरट्या घालते. आपल्याला मजा वाटते. पण तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजतात. आपण हात लावला नाही तरी अंडी मरू शकतात. हे मला आधी माहीत नव्हते. बाईंनी सांगितले तेव्हा सगळा वर्ग चकित झाला.

टोप्यांवरची पिसे

आता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत काय चालले होते ते ऐका. बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे लावायची फॅशन आली होती. नुसती पिसे नाही, कधी अख्खा पक्षीच टोपीवर बसवलेला असायचा! १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दोन वेळा फेरफटका मारून टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती. ४० जातींचे पक्षी त्यांनी ओळखले. त्यात समुद्रकाठचे सुरयही होते.

सगळ्यांत महाग पिसे बगळ्याची. ती सोन्याहून महाग विकत. पण ही झुपकेदार पिसे बगळ्याला विणीच्या दिवसांतच येतात. म्हणजे शिकारी नेमके तेव्हाच जायचे, जेव्हा घरट्यात पिले असायची. आई-बाप मारले की पिले उपाशी मरायची. एका टोपीसाठी किती जीव गेले ते टोपीकडे बघून कळत नसे.

त्यात भर म्हणजे अंडी गोळा करणारे लोक. ते विणीच्या किनाऱ्यावर जाऊन आधी तिथली सगळी अंडी फोडून टाकत. का? तर दुसऱ्या दिवशी जी नवी अंडी दिसतील ती नक्की ताजी असणार! कितीतरी किनाऱ्यांवर पक्ष्यांची गर्दी असायची, तिथे नुसती वाळू राहिली.

पेलिकन बेट

फ्लोरिडा राज्यात खाडीमध्ये एक छोटे बेट आहे. त्या काळी ते साधारण साडेपाच एकराचे होते. आपल्या गावात एखाद्या शेतकऱ्याचे रान असते तेवढे. त्याला पेलिकन बेट म्हणतात. पेलिकन म्हणजे झोळीवाला पक्षी, चोचीखाली पिशवी असलेला. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर तपकिरी झोळीवाल्यांची विणीची ती शेवटची जागा उरली होती. जाता येता नावेतले लोक नुसती गंमत म्हणून त्यांना गोळ्या घालायचे.

बेटासमोरच्या काठावर पॉल क्रोगेल नावाचे एक नावा बांधणारे गृहस्थ राहत होते. ते जर्मनीहून आलेले. त्यांना कुणी नेमले नव्हते, पगार नव्हता. तरी कुणाची नाव बेटाकडे येताना दिसली की ते आपली होडी आणि बंदूक घेऊन मध्ये जाऊन उभे राहत. एकटा माणूस किती दिवस पुरणार? मग चॅपमन आणि इतर पक्षिमित्रांनी ही गोष्ट राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घातली.

असे सांगतात की रूझवेल्ट यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एकच विचारले, हे बेट पक्ष्यांसाठी राखीव करायला मला कोणता कायदा आडवा येतो का? अधिकारी म्हणाले की आडवा येणारा कायदा नाही. मग रूझवेल्ट म्हणाले की ठरले तर, मी ते राखीव करतो. १४ मार्च १९०३ रोजी त्यांनी आज्ञेवर सही केली. अमेरिकेच्या सरकारने पक्ष्यांसाठी राखलेली ही पहिली जागा.

पण सरकारकडे राखणदाराच्या पगाराला पैसेच मंजूर नव्हते. मग पक्षिमित्रांच्या संस्थेने क्रोगेल यांना महिना १ डॉलर द्यायचे ठरवले. एक डॉलर! क्रोगेल यांनी ते काम घेतले. मला वाटते, रूझवेल्ट यांच्या सहीइतकीच क्रोगेल यांची होडी मोठी आहे. सही कागदावर असते, बेटावर कुणीतरी उभे राहावे लागते.

एका राखणदाराचे बलिदान

हे काम सोपे नव्हते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला गाय ब्रॅडली नावाचे राखणदार होते. लहानपणी त्यांनी स्वतः पिसांसाठी पक्षी मारले होते. मोठेपणी ते बदलले आणि १९०२ साली राखणदार झाले. ८ जुलै १९०५ रोजी त्यांना बंदुकीचे आवाज ऐकू आले. ते होडीतून बघायला गेले. पक्षी मारणाऱ्या माणसाने त्यांच्यावरच गोळी झाडली. त्यांची होडी पाण्यावर वाहत गेली. त्यांना बायको आणि दोन लहान मुले होती. मारणाऱ्या माणसावर खटलासुद्धा चालला नाही, तो सुटला. पण ही बातमी देशभर पोचली आणि पिसांच्या टोप्या घालायची पुष्कळ बायकांना लाज वाटू लागली.

वाळूची बेटे

पेलिकन बेटानंतर रूझवेल्ट थांबले नाहीत. ४ ऑक्टोबर १९०४ रोजी त्यांनी लुइझियाना राज्यातले ब्रेटन बेट राखीव केले. मिसिसिपी ही मोठी नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या जवळ ही वाळूची सखल बेटे आहेत. तिथे सुरय, पाणचिरे आणि कुरव उघड्या वाळूवर हजारोंनी अंडी घालत.

फेब्रुवारी १९०९ मध्ये त्यांनी पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांच्या रांगेतली पक्ष्यांची बेटे राखीव केली. त्यात लेसन नावाचे वाळूचे बेट आहे. तिथे अल्बाट्रॉस नावाचे लांब पंखांचे मोठे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. पण बेट फार लांब, राखणदार कुणी नाही. त्याच वर्षी पिसांचे चोर तिथे गेले आणि त्यांनी लाखो पक्षी मारले. जानेवारी १९१० मध्ये सरकारी जहाज पोचले आणि २३ जणांना पकडले. बघा, नुसत्या कागदाने पक्षी वाचत नाहीत.

रूझवेल्ट मार्च १९०९ मध्ये पदावरून उतरले. तोपर्यंत त्यांनी पक्ष्यांसाठी ५१ जागा राखल्या होत्या. शिवाय १५० राष्ट्रीय जंगले आणि ५ राष्ट्रीय उद्याने झाली. सगळी मिळून जवळजवळ २३ कोटी एकर जमीन. मधल्या काळात रशिया आणि जपान यांची लढाई थांबवल्याबद्दल १९०६ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले होते.

जून १९१५ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते स्वतः ब्रेटन बेटांकडे गेले. आता ते राष्ट्राध्यक्ष नव्हते, साधे पाहुणे होते. तिथले राखणदार कॅप्टन स्प्रिंकल यांच्याबरोबर त्यांनी वाळूतली अंडी आणि पिले पाहिली. अकरा वर्षांपूर्वी आपण ज्या कागदावर सही केली तो कागद वाळूवर जिवंत झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात त्यांनी या सफरीचे वर्णन केले. त्या सफरीची जुनी मुकी चित्रफीत आजही जपून ठेवलेली आहे.

माझा प्रश्न

आता तो मघाचा प्रश्न. रूझवेल्ट जन्मभर शिकार करत राहिले. पदावरून उतरल्यावर ते आफ्रिकेला गेले आणि तिथे त्यांनी व त्यांच्या मुलाने ५१२ जनावरे मारली. ती बहुतेक संग्रहालयासाठी होती, तरी ५१२ म्हणजे फार झाली. मला हे आवडले नाही आणि मी ते लपवणार नाही.

आमच्या वर्गात यावर वाद झाला. काही मुले म्हणाली की असा माणूस थोर नाही. काही म्हणाली की थोर माणसाचे सगळेच थोर असते असे नाही. मला असे वाटते, की ते शिकारी होते म्हणूनच त्यांना आधी कळले की रान रिकामे होत चालले आहे. आणि कळल्यावर ते गप्प बसले नाहीत. त्यांनी चांगले केले ते आपण घ्यावे, बंदूक तिथेच ठेवावी.

अखेर

३ जुलै १९१८ रोजी अमेरिकेत एक मोठा कायदा झाला. त्याने प्रवासी पक्षी मारणे, त्यांची पिसे विकणे, अंडी नेणे बंद झाले. रूझवेल्ट यांनी तो कायदा झालेला पाहिला. ६ जानेवारी १९१९ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ६० वर्षे. न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथे त्यांची कबर आहे. कबरीच्या शेजारीच १९२३ साली पक्ष्यांसाठी राखीव रान करण्यात आले. मला ही गोष्ट फार आवडली. त्यांच्याजवळ रोज पक्षी बोलत असतील.

त्यांच्यानंतर

आज अमेरिकेत पक्षी-प्राण्यांसाठी राखलेल्या अशा साडेपाचशेहून जास्त जागा आहेत. तरी काम संपलेले नाही. आता टोपीची भीती नाही, पण किनाऱ्यावर गाड्या, कुत्री, घरे आणि गर्दी आली आहे. तिथे पायपिंग प्लोव्हर नावाचा वाळूच्या रंगाचा छोटा पक्षी आहे, आपल्या चिखल्याचा भाऊबंद. मोठ्या सरोवरांच्या काठी १९८६ साली त्याच्या फक्त १७ जोड्या उरल्या होत्या. मग लोकांनी काय केले? खळगा सापडला की चारी बाजूंनी खुंट्या ठोकून दोरी बांधली. वरून जाळीचा पिंजरा ठेवला. जाळीची भोके अशी, की छोटा पक्षी आत-बाहेर जाऊ शकतो, पण कोल्हा, कुत्रा, कावळा आत शिरत नाही. सुट्टीच्या दिवशी गावातले लोक आळीपाळीने राखण करतात. २०२३ साली जोड्या ८० च्या आसपास झाल्या.

नद्यांच्या वाळूवर वीण करणारा छोटा सुरयही तिथे धोक्यात होता. १९८५ साली दोन हजारांहून कमी पक्षी उरले होते. पुष्कळ वर्षे राखण केली. ते १८ हजारांच्या वर गेले आणि २०२१ साली त्याचे नाव धोक्याच्या यादीतून काढले. म्हणजे राखले तर वाढतात!

आपल्या देशातला पाणचिरा मात्र अजून धोक्यात आहे. उत्तरेकडे चंबळ नदीच्या वाळूच्या बेटांवर तो अंडी घालतो. वाळूच उपसली तर तो अंडी कुठे घालणार? आमच्या आबांच्या लहानपणी आपल्या नदीला दोन्ही काठांनी वाळू होती, असे ते सांगतात. आता गोटे आणि चिखल आहे. वाळू घराला लागते हे खरे, पण ती कुणाचे तरी घर असते हेही खरे.

टिटवीची गोष्ट

पंचतंत्रातली टिटवीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. टिटवीने समुद्रकाठी अंडी घातली आणि समुद्राने ती नेली. टिटवी चोचीने समुद्र आटवायला निघाली. सगळे हसले. पण पक्षी एकत्र आले, गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे गेला, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. मला क्रोगेल टिटवीसारखे वाटतात आणि रूझवेल्ट गरुडासारखे. टिटवी निघालीच नसती तर गरुडाला कळले कसे असते?

आपल्या गावातही कुणीतरी टिटवीसारखे निघायला पाहिजे. गेल्या वैशाखात आमचे बाबा रान वखरत होते तेव्हा टिटवी औतापुढे येऊन लई ओरडायला लागली. बाबांनी औत थांबवले आणि अंड्यांभोवतीचा तुकडा तसाच सोडला. चार काटक्या रोवल्या. आबा म्हणाले की टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली, यंदा पाऊस चांगला. पावसाचे मला माहीत नाही, पण चारही पिले निघाली. ती एवढीशी कापसाच्या बोंडासारखी, निघाल्या दिवशीच तुरुतुरु पळतात. सोडलेला तुकडा एका खाटेएवढा होता. तेवढ्याने पिकाचे काही कमी झाले नाही.

आपण काय करावे

१. काही पावले पळून थांबणारा, पुन्हा पळणारा पक्षी दिसला की जागीच थांबावे. पंख मोडल्यासारखा लंगडत जाणारा पक्षी जखमी नसतो, तो आपल्याला अंड्यांपासून लांब नेत असतो. त्याच्या मागे जाऊ नये आणि खळगाही शोधू नये. आल्या पावली परत फिरावे.

२. अंड्यांना हात लावू नये, जवळ उभे राहू नये. कावळे आपल्याकडे बघत असतात. आपण जिथे वाकतो तिथे ते नंतर येतात.

३. उन्हाळ्यात नदीकाठी जाताना कुत्रे सोबत असेल तर दोरीने धरावे.

४. वखरणी करताना टिटवी ओरडली तर पालकांनी थोडे थांबून बघावे आणि खाटेएवढा तुकडा सोडावा. खुणेला काटक्या रोवाव्यात.

५. अंडी फोडणे आणि पिले पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे लहान भावंडांना सांगावे.

या उन्हाळ्यात आमच्या वर्गाने शिवारातली टिटवीची घरटी मोजायचे ठरवले आहे. लांबूनच मोजायची, वहीत लिहायची. ज्यांच्या रानात टिटवी ओरडेल त्या काका-मावशींनी शाळेत निरोप द्यावा. आम्हाला महिना एक डॉलर नको, नुसता निरोप पुरे.

थोर पक्षिरक्षक थिओडोर रूझवेल्ट, बेटावर उभे राहणारे पॉल क्रोगेल आणि जीव देणारे गाय ब्रॅडली या तिघांना माझे विनम्र अभिवादन.